म्हातारीच्या टाकीत साठ टक्के

दि. ४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

साबणकाकांच्या शेडमध्ये ड्रमच्या नळाखाली वीस लिटरचा कॅन धरून उकिडवा बसलो होतो. कॅन भरायला चार मिनिटे लागली. तेवढ्यात ठरवले की आजपासून वही ठेवायची. पुढे काही बिघडले तर नेमके कधी बिघडले ते सापडले पाहिजे.

साबणकाकांचा कपड्यांच्या साबणाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड आणि ते स्वतः. एका मोठ्या कॅन्टीनचे तळून काळे झालेले तेल ते विकत घेतात आणि त्याचे बायोडिझेल करतात. खाली जो चिकट गाळ उरतो त्याचा साबण. मी विचारले, "काका, जुन्या गाडीला चालेल ना?" ते म्हणाले, "जुन्यालाच चालतं. नव्या गाड्यांचे नखरे असतात. वीस टक्क्यांपासून सुरू कर, बाकी डिझेल. आणि बापाला सांगून कर."

शेवटचे वाक्य मी ऐकले नाही असे दाखवले.

आमची पिकअप एकोणीस वर्षांची आहे. बाबा तिला म्हातारी म्हणतात. तिच्यातून एक दिवसाआड ऑक्सिजनचे सोळा सिलिंडर प्लांटमधून घाटावरच्या हॉस्पिटलला न्यायचे आणि रिकामे परत आणायचे. जाऊन-येऊन ९२ किलोमीटर. डोळे जाईपर्यंत बाबाच चालवत होते. गेल्या वर्षी त्यांना समोरचे दिसेनासे झाले, फक्त कडेचे दिसते. तेव्हापासून मी. कराराचा दर दोन वर्षांसाठी बांधलेला आहे. दहा महिने बाकी आहेत आणि डिझेल तीनदा वाढले आहे. दुसरे उत्पन्न घरात नाही. हे काम गेले तर काय, याचा विचार मी रोज एकदाच करतो, दात घासताना.

बाबांची या गाडीबद्दल एकच अट आहे. तिच्या पोटात डिझेलशिवाय काही जाणार नाही.

दि. ५ ऑक्टोबर, रविवार

पहिली फेरी, वीस टक्के. निघाल्यापासून पोचेपर्यंत मी रेडिओ लावला नाही, आवाज ऐकत होतो. काही फरक नाही. उलट चढाला आवाज थोडा मऊ वाटला. धुराला मात्र तळणाचा वास येतो.

गाडीत तेल ओतल्यावर मी हात साबणाने तीनदा धुतो. बाबांनी मला गाडीत बसवण्याआधी शिकवलेली ही पहिली गोष्ट. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलाचा हात लावायचा नाही. वाल्ववर तेल गेले आणि ऑक्सिजन सुटला तर पेट घेतो, काडीसुद्धा लागत नाही. कॅन मी पुढे पायाशी ठेवतो, मागे हौद्यात सिलिंडरांजवळ ठेवत नाही.

घरी आलो तेव्हा बाबा दारातल्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "आज कुणाकडे तळताहेत रे?" मी म्हटले, शेजारी असेल. ते "असेल" म्हणाले.

दि. १९ ऑक्टोबर, रविवार

आजपासून चाळीस टक्के.

परवा गाडी घाटाच्या पायथ्याशी दम टाकायला लागली होती. मिस्त्रींकडे नेली. त्यांनी फिल्टर काढून दाखवला, डांबरासारखा काळा. "काय जुलाब दिलास म्हातारीला?" म्हणाले. मी खरे सांगितले, कारण मिस्त्रींपासून इंजिनाचे काही लपत नाही. ते हसले. "मग बरोबर आहे. एकोणीस वर्षांचं पोट साफ होतंय. टाकीतला सगळा जुना गाळ हे तेल खरवडून आणतं. एक-दोन फिल्टर जातील, मग गप बसेल." फिल्टर ३२०.

मी त्यांना विनंती केली की बाबांना बोलू नका. ते म्हणाले, "मी कशाला बोलू? त्यांना नाक नाही का?" याचा अर्थ मला नीट कळला नाही.

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

रबरी नळी घामेजली होती. बोट लावले तर मऊ, फुगलेली. काकांचे तेल जुने रबर खाते हे मला माहीत नव्हते. मिस्त्रींनी दुसऱ्या जातीची नळी घातली, पट्ट्यांसकट २४०. फिल्टरही पुन्हा बदलला, ३२०.

दुपारी झोपून उठलो तर बॉनेट उघडे. आईला विचारले. ती म्हणाली, "हे गेले होते मगाशी. नुसतं थोपटत होते तिला." बाबांना कडेकडेनेच दिसते, थोपटण्याशिवाय ते करणार तरी काय? नळीच्या पट्ट्या तपासल्या. एक मी सकाळी बघितली त्यापेक्षा घट्ट होती. मिस्त्रींनी जाता जाता आवळली असावी.

दि. १८ नोव्हेंबर, मंगळवार

डॅशबोर्डच्या खणात नवा कोरा फिल्टर सापडला. मी घेतलेला नाही. मिस्त्रींकडे त्याचे पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "पोचले." मी म्हटले, मी दिलेच नाहीत. "अरे पोचले म्हणतो ना, जा." मिस्त्री माणूस चांगला, पण हिशोब कच्चा आहे. मी आणखी एक विकत घेऊन ठेवला. दोन हाताशी असलेले बरे.

हॉस्पिटलच्या स्टोअरच्या बाई आज खुशीत होत्या. मी गेटातून आत आलो की त्या वरूनच ओरडतात, "आला का ऑक्सिजन!" तेच माझे नाव पडले आहे. आज म्हणाल्या, "ऑक्सिजन, तुझ्या गाडीमागे उभं राहिलं की भूक लागते. काय भानगड आहे?" मी म्हटले, काही नाही बाई. माझे कान तापले. त्यांनी रिकामे मोजले, सही केली आणि विषय गेला.

दि. ३० नोव्हेंबर, रविवार

साठ टक्के. चार दिवस विचार केला. पन्नासवर थांबावे असे एक मन म्हणत होते. पण गाडी इतकी चांगली चालते आहे की थांबण्याचे कारण लिहिता येईना.

दि. १४ डिसेंबर, रविवार

साबणकाकांनी नवा ड्रम दिला. कॅन्टीन महिनाभर बंद आहे, म्हणून हे बिस्किटांच्या कारखान्यातल्या तेलाचे. रंग फिका, वास जवळजवळ नाही, आणि लिटरमागे सात कमी. काका म्हणाले, "हे मी पहिल्यांदाच करतोय, वापरून सांग." साठ टक्क्यांवर एका फेरीला दोनशेतीसच्या वर वाचतील.

थंडी वाढली आहे. आईची खोबरेलाची बाटली गोठली, ती तिने उन्हात ठेवली. प्रत्येक ड्रममधला नमुना मी एका काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतो. नव्या नमुन्याच्या तळाशी सकाळी पांढरे दिसले. धुताना साबण राहिला असावा. दुपारी पाहिले तर बाटली स्वच्छ. तसे वहीत नोंदवले.

दि. १९ डिसेंबर, शुक्रवार

जेवताना बाबांनी विचारले, "घाटात गार आहे का?"

"आहे."

"किती?"

"काचेवर दव गोठतं."

बाबांनी पाण्याचा पेला चाचपून उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "आम्ही पूर्वी थंडीत टाकीत थोडं रॉकेल घालायचो. पातळ राहतं. आता तुला काय गरज म्हणा. तुझं शुद्ध डिझेल."

मी हो म्हटले.

ते थोडा वेळ माझ्या बाजूला कान करून बसले. मग आईला म्हणाले, "वाढ त्याला." माझ्या ताटात सगळे होते.

दि. २३ डिसेंबर, मंगळवार. रात्री लिहितो आहे.

क्रमाने लिहितो.

पहाटे ४:२० ला प्लांटमधून सोळा सिलिंडर घेऊन निघालो. पोचायची वेळ ६:३०. गाडी सुरू होताना दोनदा खोकली. रोजच्यापेक्षा गार होते.

५:०५ ला, ३१व्या किलोमीटरला, चढावर तिने दम टाकला. पहिल्या गिअरवर आणली, तरी बंद. मागच्या चाकांना दगड लावले. दोन्ही बाजूंना दिवा नाही. मला भीती वाटली नाही, कारण फिल्टर चोंदला हे मला माहीत होते आणि माझ्याकडे दोन होते. पहिला बदलला, हवा काढली, ५:१८ ला सुरू. शंभर पावले गेली आणि पुन्हा बंद.

५:३० ला दुसरा फिल्टर हातात घेऊन नुकताच बसवलेला उघडला. बॅटरी दातात धरली होती. आत काळे काहीच नव्हते. आत पांढरे होते. लोण्यासारखे. बोटावर घेतले तर ते बोटाच्या उबेने पातळ झाले आणि खाली ठिबकले.

तेव्हा मला आईची खोबरेलाची बाटली दिसली. चोंदलेले काही नव्हते. माझे तेल गोठले होते. टाकीत, नळीत, सगळीकडे. किती फिल्टर बदलले तरी ते गोठणारच.

तेवढ्यात फोन वाजला. स्टोअरच्या बाई.

"ऑक्सिजन, कुठवर?"

"घाटात आहे बाई. पंक्चर झालंय."

"आजच व्हायचं होतं! रात्रीत दोन पेशंट वाढलेत, सहाच उरलेत. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

मी वीस का म्हटले ते मला माहीत नाही. पंक्चर का म्हटले ते माहीत आहे. तेल गोठले म्हटले असते तर कुठले तेल असे त्यांनी विचारले असते.

उरलेला फिल्टर बसवला. दोन्ही हातांनी नळी चोळली, तोंडाची वाफ दिली, शर्ट काढून फिल्टरला गुंडाळला. सुरू झाली नाही. ५:५० ला पुन्हा फोन. "चाक बसतंय बाई, शेवटचा नट." त्या म्हणाल्या, "लवकर रे राजा." त्या मला राजा कधीच म्हणत नाहीत.

त्यानंतर मी काही केले नाही. घड्याळाकडे पाहत पायरीवर बसलो. सूर्य येईल, तेल पातळ होईल, साडेसातला पोचेन, कुणाला कळणार नाही, असा हिशोब करत होतो. हिशोबात सहा सिलिंडर कधी संपतात तेही यायला हवे होते, आणि ते मी मांडत नव्हतो. ते मांडले आणि ६:०५ ला मी फोन लावला.

"बाई, पंक्चर नाही. टाकीत साठ टक्के तळणाचं तेल आहे. ते गोठलंय. गाडी उन्हाशिवाय हलणार नाही. पहिल्यापासून माहीत होतं."

 

"किती आहेत गाडीत?"

"सोळा."

"कितवा किलोमीटर?"

"एकतीस."

"जागचा हलू नकोस. आपली अॅम्ब्युलन्स पाठवते. आणि आता जे विचारीन त्याला खरं उत्तर दे, माझ्याकडे वेळ नाही. पहिल्यापासून म्हणजे किती वाजल्यापासून?"

"साडेपाच."

त्यांनी फोन ठेवला.

६:३२ ला अॅम्ब्युलन्स आली, ड्रायव्हर आणि एक वॉर्डबॉय. मी पुढे झालो आणि थांबलो. माझे हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते. शर्टही. हौद्याला हात लावायची सोय नव्हती. ड्रायव्हरने माझ्याकडे एकदाच पाहिले. "लांब उभा राहा. सिगारेटवाल्यापेक्षा तू वाईट आहेस आत्ता."

मी दहा पावले मागे, हात अंगापासून लांब धरून, वल्ह्यासारखे. ते दोघे एकेक सिलिंडर उतरवून चढवत होते. एकेक अर्ध्या माणसाएवढ्या वजनाचा. वॉर्डबॉयची बोटे चेमटली, तो ओरडला. मी उभा होतो. पाच घेऊन ते गेले.

दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर मोठा थर्मास घेऊन आला. आधी आणखी सहा चढवले, मग बॉनेट उघडून थर्मास फिल्टरवर आणि नळीवर ओतला. चहा होता. "बिनसाखरेचा आहे, मुंग्या लागणार नाहीत," म्हणाला. म्हातारी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. ऊनही आले होते. उरलेले पाच घेऊन ८:५० ला पोचलो. गेटातून आत आलो तेव्हा वरून कुणी ओरडले नाही.

बाईंनी पाच मोजून घेतले, सही केली. म्हणाल्या, "जे झालं ते कागदावर लिहून आण. सगळं. मला वर द्यावं लागेल."

घरी आलो तेव्हा साडेबारा झाले होते. बाबा स्टुलावर. मी गाडी बंद करेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "किती होतं?"

"काय?"

"अरे, किती टक्के?"

मी म्हटले, "साठ."

"मला वाटलं चाळीस." पुढे म्हणाले, "मी वाट बघत होतो तू कधी सांगतोस."

ते जेवले नाहीत. आईला म्हटले, बाबा माझ्यावर फार चिडलेत. ती म्हणाली, "तुझ्यावर नाही रे." कुणावर, ते तिने सांगितले नाही.

दि. २४ डिसेंबर, बुधवार

मिस्त्रींकडे टाकी उतरवून धुतली, नळ्या धुतल्या, नवा फिल्टर. टाकी धुण्याचे १,४००. मिस्त्री नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "थंडीचं मी सांगायला हवं होतं." साबणकाका म्हणाले, "अरे, बिस्किटाचं तेल डालड्यासारखं असतं, गोठणारच. माझ्या डोक्यात कसं नाही आलं?" सगळेच आज असे बोलत आहेत, आणि ओतले तर मी होते.

दि. २७ डिसेंबर, शनिवार

पत्र चौथ्यांदा लिहिले. पहिल्या तीनमध्ये "परिस्थितीमुळे" हा शब्द होता, तो काढला. बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "खाली एक ओळ घाल. बायोडिझेल चालू असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला सही करू दे."

मी म्हटले, "बाबा, याची काही गरज नाही. तुमच्यावर कशाला येऊ द्यायचं?"

"लिही."

"तुम्ही तर ओतलं नाहीत."

"अठरा वर्षं त्या घाटात गेलो मी. गार किती असतं ते मला ठाऊक. रॉकेलच्या गोष्टी सांगत बसलो, सरळ एक वाक्य तोंडातून निघालं नाही. माझा पोरगा माझ्याशी खोटं बोलतोय हे उघड कशाला करायचं, म्हणून. लिही म्हणतो ना."

मी लिहिले. कागदाच्या कडेला बोट धरून दिले, तिथे त्यांनी सही केली. सही ओळ सोडून खाली गेली आहे. करार त्यांच्या नावावर आहे म्हणून त्यांना ते गरजेचे वाटत असणार.

दि. २ जानेवारी, शुक्रवार

पत्र दिले होते, त्याचा निर्णय आज कळला. स्टोअरच्या बाईंनी खुर्ची दिली. करार मोडणार नाहीत. पण फेऱ्या निम्म्या. निम्म्या दुसऱ्या गाडीला दिल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसते डिझेल. एरवी वीसच्या वर नाही आणि पावतीवर टक्के लिहायचे. त्या दिवशीच्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत आणि अॅम्ब्युलन्सच्या दोन खेपांचे तेल आमच्याकडून. मी सगळे लिहून घेतले.

मग म्हणाल्या, "चल, एक दाखवते."

वॉर्डच्या दारातून त्यांनी खिडकीकडची कॉट दाखवली. नऊ नंबर. एक आजी, नाकात नळी, उशीला टेकून बसलेल्या. सून केस विंचरत होती.

"सव्वासहाला हिचा ऑक्सिजन अर्ध्यावर आणावा लागला. बाळांच्या वॉर्डला पुरवायचा होता. सातला पूर्ववत केला, पहिली खेप पोचल्यावर. तू साडेपाचला बोलला असतास तर साडेसहाच्या आत खेप वर होती. पंधरा मिनिटांवर भागलं असतं, कदाचित हात लावावाच लागला नसता."

"आता बऱ्या आहेत ना?"

"आहेत. पण त्या वेळी शुद्धीत होत्या. सगळं कळत होतं त्यांना."

आजींनी आमच्याकडे पाहिले. मी कोण हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. त्यांनी सुनेला काहीतरी विचारले आणि सुनेने मान हलवली.

खाली आलो. रिकामे चढवले. येताना टाकी डिझेलने भरली, रोख.

हिशोब, ४ ऑक्टोबर ते २ जानेवारी:

वाचले: ५,२३५.

खर्च: फिल्टर चार, १,२८०. (पाचव्याचे कुणी दिले ते अजून कळले नाही.) नळी व पट्ट्या, २४०. टाकी धुणे, १,४००. एकूण २,९२०.

देणे: अॅम्ब्युलन्सचे तेल, ९००. बुडालेली फेरी, १,८००. एकूण २,७००.

वाचले त्यापेक्षा गेले जास्त: ३८५.

अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचे: थर्मासभर चहा.

नऊ नंबरच्या आजींचे: साडेपाच ते सहा वाजून पाच. पस्तीस मिनिटे.